चेहरा वाचणाऱ्याची लेक

माझ्या चेहऱ्यात तीन दोष आहेत आणि ते मला मुळाक्षरांच्याही आधी पाठ झाले. भुवया नाकाच्या वर येऊन एकमेकींना भेटतात. पुढच्या दोन दातांत तांदळाचा दाणा अडकेल एवढी फट आहे. आणि हसले की डाव्या गालाला खळी पडते. आता कोणी म्हणेल, खळी म्हणजे तर शोभा. ज्यांच्या घरी सामुद्रिक नाही त्यांनी खुशाल म्हणावं. आमच्या घरी ते सकाळ-संध्याकाळ होतं. बाईच्या भुवया जुळलेल्या असल्या की ती हट्टी आणि नवऱ्यावर अंमल गाजवणारी. दातांत फट असली की तिच्या पोटात काही राहत नाही. आणि हसताना खळी पडणारी सून घरात आली की सासरच्या वडीलधाऱ्यांची धडगत नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टी माझ्या बाबतीत तंतोतंत खऱ्या ठरल्या, हे मी आधीच कबूल करून टाकते. तिसरीची मात्र हकिकत सांगायला हवी.

एकोणीसशे तीस सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. मी सतरा वर्षांची होते. पंचवटीत रामकुंडाजवळ आमचं घर, आणि वडील तीर्थोपाध्याय. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. बाहेरगावाहून कोणी श्राद्धाला, पिंडदानाला किंवा अस्थी घेऊन आलं की त्यांचं कार्य अण्णा करायचे. कपाटात पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळीच्या वह्या होत्या. गाव आणि आडनाव सांगितलं की अण्णा पणजोबांपर्यंतची नावं काढून दाखवत. पण अण्णांची ख्याती वह्यांमुळे नव्हती. वह्या सगळ्याच उपाध्यायांकडे होत्या. अण्णा चेहरा वाचत.

घाटावर त्यांची मोठी छत्री रोवलेली असे. माणूस पायऱ्या उतरायला लागला की छत्रीखालून अण्णा डोळे बारीक करून बघत. कानाची पाळी लोंबती, म्हणजे घराणं दीर्घायुषी. पाळी गालाला चिकटलेली, म्हणजे हात आखडता. हनुवटी आत गेलेली, म्हणजे बायकोच्या मुठीत. नाकाचा शेंडा लाल, तो तापट. आणि दोन भुवयांच्या मध्ये ताजी उभी आठी पडलेली असली, तर घरातलं कोणीतरी नुकतंच गेलेलं. माणसाने तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणायचे, "या. आईचं कार्य करायचं आहे ना? आणि निघताना धाकट्या भावाशी वाजलं, ते मनातून काढून टाका." माणूस तिथल्या तिथे पाघळायचा. मग तो दुसऱ्या कोणाकडे कशाला जाईल?

यातलं निम्मं श्रेय टांगेवाल्या चाचांचं होतं, हे मला फार लवकर कळलं होतं. नाशिकरोड स्टेशनापासून पंचवटीपर्यंतच्या वाटेत माणसं टांग्यात बसून घरचं सगळं बोलतात. चाचा गुपचूप ऐकत. मग घोड्याला पाणी दाखवायच्या निमित्ताने घाटावर येत आणि अण्णांच्या कानाशी दोन वाक्यं बोलून जात. अण्णांना यात फसवणूक अजिबात वाटत नसे. "मी वाचतो ते वाचतोच," ते म्हणायचे. "चाचा सांगतो ते नुसतं पडताळून बघायला."

तर अशा माणसाच्या पोटी असा चेहरा घेऊन मी आले. दोन ठिकाणची माणसं मला बघून गेली होती. पहिल्यांनी भुवयांवर बोट ठेवलं. दुसऱ्यांच्या म्हातारीला माझी खळी दिसली आणि तिने अर्धे पोहे तसेच टाकून पदर सावरला. त्यानंतर येवल्याच्या एका बिजवराचं नाव घरात निघू लागलं. वय चाळीस, पहिल्या बायकोची दोन मुलं, आणि चेहऱ्याबद्दल त्याची काही अट नव्हती. मी आईला सांगितलं, मी रामकुंडात उडी टाकीन. आई म्हणाली, कुंडात कमरेएवढंच पाणी आहे, उगाच लुगडं भिजवू नकोस.

मग माझ्या मामाने मनमाडचं स्थळ आणलं. मामा तिथे स्टेशनात तिकिटं द्यायच्या खिडकीवर होता. मुलगा त्याच स्टेशनात तारबाबू, वय चोवीस, पहिलाच वर. मुलाचे वडील मालधक्क्यावर हेडक्लार्क. मुख्य म्हणजे मुलाने स्वतः सांगितलं होतं की मुलगी लिहिती-वाचती हवी. मी मराठी सातवी झालेली. पत्रिका जुळली. हे जमलं तर मनमाड, नाही तर येवला, एवढा सरळ हिशेब होता. देवाजवळ मी तेव्हा दुसरं काहीही मागत नव्हते.

रविवारी दुपारी मंडळी येणार होती. सकाळी आईने मला पुढ्यात बसवलं आणि चिमूटभर राख घेऊन भुवयांमधले केस उपटायला सुरुवात केली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सगळं झाल्यावर भुवया सुट्या झाल्या खऱ्या, पण मधली जागा लालभडक होऊन सुजली. आईने त्यावर रुपयाएवढं कुंकू लावलं. "आता ऐक," ती म्हणाली. "बोलायचं ते ओठांतल्या ओठांत. आणि हसायचं नाही. काही झालं तरी हसायचं नाही."

"काही झालं म्हणजे काय झालं तर?"

"हेच. हे असलं बोलायचं नाही."

इकडे घाटावर काय चाललं होतं, त्याची आम्हाला कल्पना नव्हती. मुलाचे वडील पहाटेच्या गाडीने एकटेच पुढे आले होते. लग्न ठरवायच्या आधी मुलीच्या गावात जाऊन, आपण कोण ते न सांगता, चार लोकांकडे चौकशी करायची, ही त्या काळची रीतच होती. त्यांनी फुलवालीला विचारलं, हलवायाला विचारलं. मग मुलीचा बाप कसा आहे ते आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणून कुंडात स्नान करून ओल्या धोतराने अण्णांच्या छत्रीसमोर येऊन बसले. अण्णांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. सगळी बोलणी मामामार्फत झालेली. आणि चाचा त्या दिवशी भाचीच्या लग्नाला मालेगावला गेले होते, त्यामुळे पडताळून बघायला कोणी नव्हतं.

अण्णांनी बघितलं. लांबोडा चेहरा, डोळ्यांखाली काळं, आणि भुवयांच्या मध्ये ताजी उभी आठी.

"पितृशोक," अण्णा म्हणाले. "पंधरा दिवसांच्या आतला."

आता गृहस्थांनी सरळ नाही म्हणायचं की नाही? पण ते चौकशीला आलेले. जास्त बोललं तर बिंग फुटायचं. त्यांनी नुसतं "हं" केलं. हा बाप कुठपर्यंत जातो ते बघावं, असाही विचार त्यांनी केला असणार. अण्णा बरेच पुढे गेले. त्यांनी न्हाव्याला हाक मारली. बाप गेला की मुलाने मिशी उतरवायची, आणि बाप हयात असेपर्यंत मिशीला वस्तरा लावायचा नाही, हे आपल्याकडे लहान पोराला ठाऊक असतं. न्हाव्याने पाणी लावलं आणि मिशीचं डावं टोक एका फटक्यात उडवलं. गृहस्थ ताडकन उभे राहिले.

"अहो, माझे वडील जिवंत आहेत!"

अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाले, "दुःखात माणसाला असंच वाटतं."

त्या दिवशी अण्णांच्या तोंडून निघालेलं हे वाक्य पुढे पंचवटीत कित्येक वर्षं फिरत होतं. न्हाव्याने दुपारच्या आत ते चार गल्ल्यांत पोचवलं. ते गृहस्थ मात्र धोतर सावरत निघून गेले, आणि "लोकांना शास्त्र नको झालंय," असं म्हणत अण्णा जेवायला घरी आले.

दुपारी टांगे दाराशी थांबले. मामा पुढे, मागे मुलगा, त्याची आई आणि त्याचे वडील. वडिलांच्या ओठावर मिशी नव्हती. एकच टोक घेऊन फिरता येत नाही, म्हणून त्यांनी उरलेलीही काढून टाकली होती. त्यांच्या बायकोने टांग्यांच्या अड्ड्यावर त्यांना तशा अवस्थेत पाहिलं तेव्हा, घरी सासरे गेले आणि तार यांना इथे मिळाली, असं समजून तिने तिथेच गळा काढला होता. तिचे डोळे अजून लाल होते. अण्णा पाहुण्यांना "या, या" करायला पुढे झाले आणि दुसरं "या" त्यांच्या घशातच राहिलं.

मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. अण्णा जमिनीकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते कोणाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. मी पाटावर बसले. मुलाच्या आईने माझ्या कुंकवाकडे निरखून पाहिलं, मग तिने विचारलं, "काय गं, कपाळाला काय झालंय?"

"गांधीलमाशी चावली," आई आतून म्हणाली.

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "वहिनी, या घरात आज चावण्याचाच दिवस दिसतोय," ते म्हणाले, आणि त्यांनी अगदी शांतपणे, एकही शब्द इकडचा तिकडे न करता, सकाळची सगळी हकिकत सांगितली. त्यांचे वडील ऐंशीच्या घरातले, दोन महिने अंथरुणाला खिळलेले. डोळे मिटायच्या आत नातसून बघायची, असा त्यांचा धोशा, म्हणून तर ही घाई. "आणि तुमच्या यजमानांनी," ते म्हणाले, "त्यांना सकाळी आठ वाजताच पोचवलं. मी म्हटलं, जिवंत आहेत. तर म्हणाले, दुःखात माणसाला असंच वाटतं."

मी खूप प्रयत्न केला. दात दाबले, पाटाची कड धरली, येवल्याच्या बिजवराचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. पण मिशी नसलेल्या त्या लांबोड्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं आणि मी हसले. हसले म्हणजे अशी हसले की दातांतली फट, गालाची खळी आणि घामाने ओघळलेल्या कुंकवाखालून सुजलेल्या भुवया, सगळं एकदमच सगळ्यांना दिसलं. आतून आईचा कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. खोलीत माझ्या पाठोपाठ आणखी एकच माणूस हसला. तो मुलगा होता. त्याचे कान चांगलेच बाहेर आलेले होते आणि हसताना ते लाल झाले. त्या क्षणापर्यंत मला फक्त येवला नको होतं. त्यानंतर मला मनमाडच हवं होतं, आणि तेही त्या लाल कानांसकट.

मुलाची आई मात्र माझ्या गालाकडे बघत होती. "खळी पडते," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. निघताना मुलाचे वडील म्हणाले, "पत्राने कळवतो." असं म्हणून गेलेल्यांची पत्रं आम्हाला आजवर आलेली नव्हती. त्या रात्री घरात कोणी धड जेवलं नाही.

पाच दिवस पत्र आलं नाही. सहाव्या दिवशी मामाच आला, आणि तो चपला काढायच्या आधीच आईला कळलं. म्हातारेबुवा आदल्या दिवशी पहाटे गेले होते. मुलाच्या घरातल्या बायका काय म्हणत होत्या, तेही मामाने सांगितलं. बापाची जीभ काळी आणि मुलीचा गाल काळा. बाप बोलला आणि पोरगी हसली, पाच दिवसांत माणूस गेला. आता एवढा पुरावा असल्यावर कोण सून करून घेणार?

अण्णा ओसरीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना उलट बोललेली नव्हते, पण त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"अण्णा, मी हसले म्हणून माणूस मेला का?" मी विचारलं. "तुमच्या शास्त्रात तसंच आहे ना? मग सांगा तसं. मी उद्याच्या उद्या येवल्याला जाते."

अण्णांनी खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "म्हातारे आजारी होते. मुलाला त्यांचा घोर लागला होता. त्या आठीत तेवढंच होतं, आणि मला तेवढंही नीट वाचता आलं नाही." मग माझ्या गालाकडे बघून ते म्हणाले, "खळीने कोणी मरत नाही, बाळ."

ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या कानाच्या पाळ्या मोजल्या, त्याने हे बोलावं! मला त्यांची इतकी दया आली की माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि मग फक्त रडूच उरलं.

दोन दिवसांनी अण्णा काळे तीळ घरीच विसरून घाटावर गेले. आईने पुडी देऊन मला पाठवलं. मी वरच्या पायऱ्यांवर पोचले आणि तिथेच खिळून उभी राहिले. खाली दहा-बारा पायऱ्यांवर मुलाचे वडील चालत होते. मुंडण केलेलं डोकं, हातात लाल फडक्यात बांधलेलं मडकं. मागे मुलगा. मनमाडहून अस्थी घेऊन रामकुंडावरच येणार, त्यात नवल काही नव्हतं. प्रश्न एवढाच होता की ते कोणाच्या छत्रीखाली बसणार. त्या काठावर वीस छत्र्या होत्या. उपाध्याय त्यांना हाका मारत होते, एकाने तर हात धरून ओढलं. ते त्याचा हात सोडवून पुढे चालत राहिले. एक छत्री गेली, दुसरी गेली. माझ्या हातातली पुडी चुरगळून तीळ पायरीवर सांडायला लागले होते.

ते अण्णांसमोर येऊन बसले. मडकं मध्ये ठेवलं. बोलणं ऐकू येईल एवढी मी नकळत खाली उतरले होते.

अण्णांनी मान वर केली नाही. ते दर्भ सारखे करत राहिले आणि मडक्याकडेच बघत, अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

"आमचे वडील गेले, व्याहीबुवा," ते म्हणाले.

हा शब्द कोणी असातसा वापरत नाही. मुलीच्या आणि मुलाच्या बापांनी एकमेकांना म्हणायचा तो शब्द, आणि तोही सगळं ठरल्यावर. अण्णांचे हात थांबले. मग मुलाचे वडील काहीतरी बोलत राहिले. त्यातलं मला एवढंच ऐकू आलं की आम्ही परत गेलो तेव्हा म्हाताऱ्यांनी मिशीची हकिकत तीन-तीनदा सांगायला लावली, आणि दर वेळी मुलगी कुठे हसली ते विचारलं. शेवटच्या दिवशी ते म्हणाले होते, घरात आणायची तर हीच आणा, बाकीच्या मुली बघत बसू नका.

मी पायरीवर बसले आणि पदरात तोंड खुपसून हमसाहमशी रडले. ज्यांना मी पाहिलं नाही, ज्यांनी मला पाहिलं नाही, ते म्हातारे अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्यावर खूष होऊन गेले होते. शेजारी एक बाई फुलांची पाटी घेऊन बसली होती, गंगापूरकडची माळीण असावी. तिने पाटी बाजूला सारली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"लय रडू नको गं माय," ती म्हणाली. "कोन गेलं तुझं?"

"आजेसासरे," मी म्हटलं.

तिने चुचकारलं, माझ्या तोंडावरचा पदर थोडा बाजूला केला, आणि तिची नजर माझ्या गळ्यावर गेली. तिथे मंगळसूत्र नव्हतं, काळा मणीसुद्धा नव्हता.

"आन लगीन?"

"व्हायचंय अजून," मी म्हणाले.